मारवाडी आणि सिंधी : जळगाव-धुळ्यात तुलना करायची तर कशाच्या आधारे?

वाघूरकाठ

जळगाव आणि धुळे शहरांतल्या व्यापारी समाजांवर टिपण करतो आहे. बाहेरून येऊन इथलेच झालेले दोन समाज निवडले आहेत : राजस्थानातून आलेले मारवाडी आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले सिंधी. दोघेही व्यापारात, दोघांच्याही धर्मशाळा, देवस्थाने, सण शहरात ठळक. पण चौकात विषय निघाला की गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते : "मारवाडी मुरलेला, सिंधी दिखाऊ." याला कागदोपत्री आधार काय, हे शोधायचे आहे.

जातनिहाय उत्पन्नाचा आकडा कुठे मिळत नाही, हे माहीत आहे. मग आर्थिक स्थिती मोजायची कशाने? दुकानांची संख्या, घरांचे क्षेत्रफळ, जीएसटी क्रमांक, की आणखी काही? आणि सामाजिक वजन म्हणजे नेमके काय धरायचे? अभ्यास असलेल्यांनी कृपया तपशिलात लिहावे. कोण चांगले, कोण वाईट हा वाद नको.

दप्तरखाना

दुकाने मोजू नका. आधी जमिनीचा कागद बघा, निम्मा फरक तिथेच आहे.

मारवाडी खानदेशात आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पेढ्या वाढल्या. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावकार-व्यापारी म्हणून त्यांची नोंद सापडते. कर्ज थकले की गहाण जमीन सावकाराच्या नावावर, हा त्या काळचा रिवाज. जाता जाता एक गोष्ट : १८७५ चे सावकारविरोधी दंगे लोक बिनधास्त खानदेशच्या खात्यावर टाकतात. ते पुणे आणि नगर जिल्ह्यांतले. १८७९ चा शेतकरी मदत कायदाही सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चारच जिल्ह्यांना होता. टिपणात ही गफलत नको.

आता महत्त्वाचे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय नाही. तोवर ज्यांच्या नावावर सातबारा होता ते 'शेतकरी' ठरले, आणि वारसाने त्यांची मुले-नातवंडेही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी, म्हणजे कसणारे कूळ मालक ठरले त्या दिवशी, कुळांकडे असलेली बरीच जमीन सावकारांच्या हातून गेली, १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने आणखी गेली. पण स्वतः कसत असलेली पाच-दहा एकर जरी नावावर राहिली, तरी शेतकरी हा दर्जा राहिला. जमिनीच्या उत्पन्नापेक्षा हा दर्जा मोलाचा. शहर वाढत गेले तसे शिवारातली जमीन आधी घेऊन ठेवायची आणि पुढे बिनशेती करून प्लॉट पाडायचे, ही वाट ज्याच्याकडे सातबारा आहे त्यालाच मोकळी होती.

सिंधी आले ते १९४७-४८ मध्ये. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर लोंढा वाढला. म्हणजे कुळकायद्याचे दार बंद होत असतानाच हे लोक शहरी वसाहतींत उतरले. ज्या थोड्यांना पुनर्वसनात शेतजमीन मिळाली त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना शिवारात जमीन घेण्याचा सरळ रस्ताच नव्हता. त्यांची बचत दुकानात, मालात, सोन्यात आणि शहरातल्या बांधकामात गेली, आणि या गोष्टी रस्त्यावरून दिसतात. 'दिखाऊ' या शेऱ्याचे निम्मे उत्तर कलम ६३ मध्ये आहे.

दुसरा कागद वसाहतीतल्या भूखंडाचा. जळगावचे कंवरनगर, धुळ्याचे कुमारनगर अशा वस्त्यांत प्रत्येक घराची मिळकत पत्रिका (शहरी जागेचा सातबाराच) काढून त्यातला 'सत्ता प्रकार' हा रकाना वाचा. पुनर्वसनाचा भूखंड कुठे मालकीने, कुठे भाडेपट्ट्याने, तर कुठे अटी-शर्तींवर दिलेला असतो. जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम २९ भोगवटादार वर्ग १, वर्ग २ आणि शासकीय पट्टेदार असा भेद करते. वर्ग २ किंवा पट्टा असेल तर विकायला परवानगी आणि नजराणा लागतो. परवानगीविना नुसत्या साठेखतावर किंवा मुखत्यारपत्रावर घर फिरले असेल तर शर्तभंग, आणि बँक तारण घेत नाही. तीन मजली घर आहे पण त्यावर पाच लाखांचे कर्ज निघत नाही, अशी गत होते. राज्य सरकारने २०२५ मध्ये सिंधी विस्थापितांचे पट्टे नियमित करण्यासाठी विशेष अभय योजना मंजूर केली ती याच अडचणीवर. म्हणून घराचे क्षेत्रफळ लिहिताना शेजारी 'तारणयोग्य आहे की नाही' हा रकाना ठेवा, नाहीतर आकडा फसवेल.

सिंधींना नुकसानभरपाई भरपूर मिळाली, असेही बोलले जाते. क्लेम, म्हणजे सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचे दावे, १९५० च्या कायद्याखाली नोंदले गेले, भरपाई १९५४ च्या कायद्याने. क्लेम जितका मोठा तितकी भरपाईची टक्केवारी कमी. अनेकांची भरपाई मिळालेल्या घराच्या किमतीतच वळती झाली. आणि ज्याची सिंधमध्ये मालमत्ता नव्हती, म्हणजे भाडेकरू, गुमास्ता, फेरीवाला, त्याचा क्लेमच नव्हता.

रुईगाठ

दप्तरखाना भाऊंनी जमिनीचे सांगितले, मी भांडवलाचे सांगतो. कोणता समाज कोणत्या धंद्यात शिरला हे स्वभावाने ठरले नाही. त्या धंद्याला एका वेळी किती रोकड लागते, त्यावर ठरले.

जिनिंग घ्या. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई आणि ६२ ते ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस. २०२४-२५ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, ७,५२१ रुपये क्विंटलने, एका गाठीचा कच्चा माल ३७,६०० रुपयांचा. दिवसाला शंभर गाठी बांधणारा कारखाना म्हणजे रोज ३७ लाख ६० हजारांची खरेदी. शेतकऱ्याला पैसा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी हवा. एका दिवसाचा चुकारा लांबला की उद्याच्या गाड्या शेजारच्या जिनवर उभ्या. सरकी लवकर उठते, पण रुईचे पैसे गिरणीकडून यायला वेळ लागतो आणि भाव पडला तर गाठी थप्पीला लागून राहतात. वर शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर ५ टक्के जीएसटी खरेदीदारानेच भरायचा असतो, तोही रोखीने. पुढे वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. वीस दिवसांचे चक्र धरा, साडेसात कोटी खेळते भांडवल हवे. बँक यातला मोठा भाग देते, पण तारण घेऊनच. तारण म्हणजे जमीन, गोदाम, जुना कारखाना. फिरून मुद्दा सातबाऱ्यावर येतो.

डाळ मिलचेही तसेच. तूर हंगामात भरून ठेवायची आणि वर्षभर विकायची, म्हणजे सहा-आठ महिने पैसा पोत्यांत. दाणा बाजारातली आडत तर उधारीवरच उभी : शेतकऱ्याला रोख, खरेदीदाराकडून पंधरा दिवसांनी. ज्याच्या घराण्याची पत तीन-चार पिढ्या बाजाराने पाहिली आहे त्यालाच हे पेलते.

आता तयार कपड्यांचे दुकान घ्या, फुले मार्केटमध्ये दिसते तसे. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण बघा. माल १२ लाखांचा, वर्षात चार वेळा फिरला : खरेदी ४८ लाख. त्यावर सरासरी २५ टक्के चढवले : विक्री ६० लाख, ढोबळ नफा १२ लाख. भाडे ३ लाख ६० हजार, तीन पोरांचा पगार ३ लाख ६० हजार, वीज-हमाली-पिशव्या १ लाख २० हजार, पडून राहिलेल्या मालाची घट ६० हजार. उरले ३ लाख. उल्हासनगर, मुंबई, सुरतचा घाऊक व्यापारी ४५ दिवसांची उधारी देत असेल तर सुमारे ६ लाखांचा माल त्याच्याच पैशावर चालतो. स्वतःचे ६ लाख, त्यावर ३ लाख. पन्नास टक्के! यावरूनच लोक म्हणतात की सिंधी थोड्या पैशात मोठा होतो.

पण गल्ल्यावर बाप आणि काउंटरवर मुलगा सकाळी दहा ते रात्री दहा उभे आहेत, त्यांचा पगार धरला का? दोघांना महिना पंधरा-पंधरा हजार धरले तर ३ लाख ६० हजार होतात. म्हणजे धंद्याचा नफा उणे ६० हजार. या दुकानाचे सगळे उत्पन्न घरच्या माणसांची मजुरी आहे. तिसरी पिढी शिकून पुण्याला नोकरीला गेली की अशी दुकाने बसतात, त्याचे कारण हेच. पगारी माणूस ठेवून ती परवडत नाहीत.

आणि प्राप्तिकर विवरणपत्रावर विसंबू नका. अंदाजी नफ्याच्या सोयीखाली (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ४४एडी) लहान व्यापारी उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल विक्रीवर ६ टक्के नफा दाखवून मोकळा होतो. वरच्या दुकानाचा विवरणपत्रातला नफा ३ लाख ६० हजार ते ४ लाख ८० हजार येईल, खरा काहीही असो. वहीखाते आणि ऑडिटच्या भानगडीपेक्षा ते स्वस्त पडते.

जैन इरिगेशनच्या भवरलाल जैन यांचे उदाहरण हटकून दिले जाते : १९६३ मध्ये ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात आणि पुढे ठिबकचे साम्राज्य. खरे आहे. पण ते सात हजार म्हणजे तीन पिढ्यांची साठवण, आणि वाकोदसारख्या गावात घराण्याची शेती होती, हे सांगायचे राहून जाते. शून्यातून सुरुवात आणि थोड्यातून सुरुवात यांत फरक करा. अमळनेरचा १९४५ चा वनस्पती तुपाचा कारखाना, ज्यातून पुढे विप्रो झाली, तोही काही जण सरसकट मारवाड्यांच्या खात्यावर मांडतात. ते घराणे गुजराती मुस्लिम.

वाघूरकाठ

दोघांचेही आभार. सत्ता प्रकाराचा रकाना डोक्यातच आला नव्हता. आता संख्येचा प्रश्न. दरडोई काही काढायचे तर दोन्ही समाजांची लोकसंख्या हवी. मतदार यादीतून आडनावांवरून काढली तर चालेल का?

शिरगणती

आडनावावरून काढाल तर तोंडघशी पडाल. शेवट 'आणी' म्हणजे सिंधी, असा ठोकताळा असतो. पण लोहाणा, खोजा, काठियावाडी घराण्यांतही 'आणी' भरपूर. उलट आहुजा, चावला, तलरेजा, कुकरेजा यांना 'आणी' नाही, आणि त्यांतले आहुजा-चावला पंजाबीही असतात. 'जैन' लिहिणारा मारवाडी ओसवाल असेल, गुजराती असेल किंवा पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा सैतवाळही. कोठारी, शहा, मेहता यांची तीच कथा. आडनाव वापरायचेच तर ते फक्त नमुना निवडायला वापरा, मग दारात जाऊन मूळ गाव विचारा.

जनगणनेत काय मिळते ते सांगतो. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जातींची मोजणी १९३१ नंतर जनगणनेत प्रसिद्ध झालेली नाही, आणि १९३१ ला इथे सिंधी वस्ती जवळपास नव्हतीच. म्हणजे दोघांना एका तराजूत घालणारा जुना आकडा मिळणे अशक्य. मातृभाषेचा तक्ता, सी-१६, जिल्हावार मिळतो. त्यात सिंधी ही स्वतंत्र भाषा (१९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आली), तर मारवाडी 'हिंदी' या गटाच्या पोटात. वरवर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही, हिंदीखालची यादी उघडावी लागते. २०११ ला महाराष्ट्रात सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लाख २४ हजार. पण दोन्हीकडे गळती आहे. नव्या पिढीचा सिंधी 'हिंदी' लिहून देतो. पारोळा-एरंडोलच्या खेड्यातला मारवाडी घरात मारवाडी आणि ओट्यावर अहिराणी बोलतो आणि प्रगणकाला 'मराठी' सांगून मोकळा होतो. त्यामुळे दोन्ही आकडे कमीच धरा, आणि मारवाडी जास्त कमी.

धर्माच्या तक्त्यातून, सी-१ मधून, जैनांची संख्या शहर-तालुकावार मिळते. तिचा उपयोग ओसवालांच्या अंदाजापुरता. माहेश्वरी, अग्रवाल, खंडेलवाल हे मारवाडी हिंदूंत मोजले जातात. स्थलांतराचे डी-तक्ते इथे निरुपयोगी, कारण ते जन्मस्थळ आणि मागचे वास्तव्य विचारतात. जळगावात जन्मलेला नातू त्यांच्या लेखी स्थलांतरित नाहीच. तुमच्या टिपणात 'स्थलांतरित' कोणाला म्हणता, ते पहिल्या पानावर लिहा.

आणखी एक गट विसरला जातो : सिंधमधून अलीकडच्या दशकांत दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेले. नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांचे नाव मतदार यादीत नसते. ते सिंधी वसाहतीतच राहतात, नातेवाइकाच्या दुकानात कामाला असतात, आणि १९४८ च्या घराण्यांच्या सरासरीत मिसळले की ती खाली ओढतात. त्यांचा रकाना वेगळा.

जीएसटी क्रमांकाचे म्हणाल तर पोर्टलवर नोंदणीची तारीख आणि मालकी, भागीदारी की कंपनी हे दिसते. पण २०१७ च्या आधीची दुकाने सगळी एकाच तारखेला जन्मल्यासारखी दिसतात, १ जुलै २०१७. धंद्याचे वय त्यावरून काढू नका. ते काढायला महापालिकेचा जुना कर उतारा किंवा बाजार समितीचा आडत परवाना बघा.

पांझराकाठ

सामाजिक वजनाबद्दल धुळ्याच्या बाजूने थोडे. देवळे आणि मिरवणुका मोजण्यापेक्षा, कोणत्या संस्थेत मत आहे ते मोजा.

बाजार समितीचे संचालक मंडळ १८ जणांचे : ११ सेवा सहकारी सोसायट्यांतून, ४ ग्रामपंचायतींतून, २ आडते-व्यापाऱ्यांतून, १ हमाल-मापाडी. सोसायटीचा सभासद व्हायला शेती लागते. खेड्यातला मारवाडी सातबाऱ्याच्या जोरावर सोसायटीत मतदार, आणि आडतीच्या परवान्यावर व्यापारी गटातही. जिल्हा बँकेची दारेही सोसायट्यांमधूनच उघडतात. कापड दुकानदार सिंधी या सगळ्या साखळीच्या बाहेर. म्हणून ग्रामीण सत्तेत तो दिसत नाही, पैसा कितीही असो.

महापालिकेत चित्र उलटे. सिंधी एका वसाहतीत दाट राहतात, त्यामुळे प्रभागात त्यांची मते एकगठ्ठा आणि नगरसेवक हमखास. मारवाडी शहरभर विखुरलेले, त्यांना दुसऱ्यांची मते मिळवूनच निवडून यावे लागते. जळगाव शहरातून सुरेशदादा जैन वर्षानुवर्षे आमदार राहिले ते ओसवालांच्या संख्येवर नव्हे. डॉ. गुरुमुख जगवानी विधान परिषदेवर गेले ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून. दोन्ही वाटा नीट पाहिल्या तर वजन कुठून येते ते कळते.

गावातल्या भावनेचा फरकही आहे, तो नोंदवाच. मारवाडी दुकानदाराने पिढ्यान्‌पिढ्या बियाणे-खताची उधारी दिली, लग्नाला पैसे दिले आणि वसूलही केले. त्यामुळे त्याच्याबद्दल आदर आणि राग दोन्ही एकाच घरात सापडतात. सिंध्याचे शेतकऱ्याशी नाते गिऱ्हाइकीचे : लग्नाचा बस्ता घेतला, भाव केला, निघाले. राग नाही, तशी घसटही नाही. त्याच्या वाट्याला आले ते 'निर्वासित' हे लेबल, वसाहतीत जन्मलेल्या नातवालाही चिकटलेले.

दोन्ही समाज आतून एकजिनसी नाहीत, हेही लिहा. सिंधींत आमिल हे पूर्वीपासून दिवाणगिरी आणि नोकरीतले, भाईबंद व्यापारी, शिकारपुरी तर हुंडीच्या सराफीसाठी मध्य आशियापर्यंत नावाजलेले. शिकारपुरी घराण्याला 'कालचा दुकानदार' म्हणणे म्हणजे इतिहास न वाचणे. मारवाड्यांतही पेढीचा मालक आणि त्याच पेढीवर आयुष्य काढलेला मुनीम एकाच 'मारवाडी' शब्दात मोजले जातात.

वाघूरकाठ

मग सरासरी न काढता समान धंद्यातली घरे जोडीने घेतली तर? कापड दुकानदार सिंधी आणि कापड दुकानदार मारवाडी?

दप्तरखाना

तेच करा. एकच बाजारपेठ, एकच धंदा, दुकानाची रुंदी साधारण सारखी. दोन्हीकडची पंचवीस-पंचवीस घरे पुरेत. प्रत्येकाला हेच विचारा : दुकान मालकीचे, पागडीचे की भाड्याचे, घराचा सत्ता प्रकार, घरात कुणाच्या नावावर सातबारा आहे का, असल्यास १९४८ च्या आधीचा की नंतरचा, माल किती दिवसांच्या उधारीवर येतो, घरची किती माणसे बिनपगारी काम करतात, गेल्या दहा वर्षांत कुणी धंदा सोडून नोकरी धरली का. उत्पन्न थेट विचारू नका, दोन्हीकडे खोटेच उत्तर येईल. उधारीचे दिवस विचारा. घाऊक व्यापारी ज्याला साठ दिवस देतो आणि ज्याला पंधरा, त्यांची पत त्याने आधीच मोजलेली असते.

दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई टाळा, कोणी बोलायला उभे राहणार नाही. पितृपक्षात जा. कापड बाजार तेव्हा रिकामा असतो, लोक निवांत बोलतात आणि मिळकत पत्रिकेची झेरॉक्सही काढून देतात.

रुईगाठ

एक भर. दुकान मालकीचे म्हणाले तरी दुय्यम निबंधकाकडची सूची-२ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पडताळा, ऑनलाइन ई-सर्चमध्ये गट किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून निघते. जुन्या मार्केटांतले कित्येक गाळे महापालिकेचे, मुदत संपलेल्या करारावरचे आहेत. गाळेधारक सवयीने 'आपलाच गाळा' म्हणतो, मारवाडी असो की सिंधी. कराराची शेवटची तारीख विचारलीत तर खरे काय ते पटकन कळते.